मागेपुढे झालेली दोन अक्षरं

खटकलं ते इतकं क्षुल्लक होतं, की तेव्हाच बोलून टाकलं असतं तर विसरूनही गेले असते. पडद्यावर स्कॅन केलेलं एक बिल होतं. जरा तिरकं आलेलं, कोपऱ्यातल्या आकड्यांवर शिक्का उमटलेला, मध्येच कुणीतरी पेननं एक रक्कम खोडून दुसरी लिहिलेली. कंपनी काढणारा फाउंडर मुलगा पंचविशीतला असेल. त्याचं म्हणणं, कसलाही कागद टाका, आमचं एआय तो वाचतं, बेरीज पडताळतं आणि गडबड कुठे आहे ते सांगतं. त्यानं बटण दाबलं. तीन ठिपके लुकलुकत राहिले. खोलीत एसीची घरघर तेवढी होती. मी सवयीनं मनात सेकंद मोजत होते. सतराव्या सेकंदाला उत्तर यायला लागलं, आणि दुसऱ्या ओळीत ‘टोटल’ या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं दिसलं. शेवटच्या टी आणि ए यांनी जागा बदलल्या होत्या. पापणी लवायच्या आत दोन अक्षरं मागे गेली आणि नीट होऊन परत आली. माझ्या शेजारी बसलेल्या, नव्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या फंडाच्या पार्टनरबाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर त्या मुलाच्या चेहऱ्यावर होती.

यंत्राचं बोट घसरत नाही.

म्हणजे यंत्र चुकत नाही असं नाही. आजची भाषा-मॉडेल्स बेधडक चुकतात. नसलेलं कलम करारात दाखवतील, न झालेला निकाल तारखेसकट सांगतील. पण ती मजकूर टोकन नावाच्या तुकड्यांनी रचतात आणि ‘टोटल’सारखा रोजचा शब्द बहुधा अख्खाच्या अख्खा एका तुकड्यात येतो. त्यातली दोन शेजारची अक्षरं उलटी पडायची तर एक हात दुसऱ्या हाताच्या आधी पोचावा लागतो. घाईत टाइप करणाऱ्या माणसाचंच ते होतं. माझंही होतं, याच शब्दात होतं. त्या क्षणी मला भिंतीपलीकडची खोली दिसली. तिथे कुणीतरी कीबोर्डवर वाकून बसलंय, त्या तिरक्या बिलाची बेरीज कॅल्क्युलेटरवर करतंय, आणि सतरा सेकंदांत आटपायचं म्हणून त्याचा श्वास अडकलाय. मला राग यायला हवा होता. मला त्या माणसाची काळजी वाटली. मी एवढंच विचारलं, “उत्तराला वेळ लागतो का जरा?” तो म्हणाला, “सर्व्हरवर लोड आहे मॅडम.” मी वहीत लिहिलं, १७ सेकंद. आणि पान उलटलं.

माझं काम काय, ते सांगायला हवं. पंचवीसेक वर्षं प्रोग्रॅमिंग केल्यावर आता गुंतवणूकदार मला अधूनमधून बोलावतात. पैसे घालण्याआधी स्टार्टअपचं तंत्र तपासून द्यायचं. याला ड्यू डिलिजन्स म्हणतात, आणि शब्द असा भारदस्त आहे की ऐकणाऱ्याला वाटावं आम्ही पायापर्यंत खणून बघतो. खरं तर आम्ही दारं उघडून बघतो. तीही समोरचा उघडेल ती, आणि तो उघडेल त्या क्रमानं. आधी डेक, म्हणजे स्लाइड्स, मग डेमो, मग डेटा रूम, म्हणजे कंपनीचे कागद, मग त्यानंच निवडलेल्या तीन ग्राहकांशी फोन. १७७० मध्ये व्हिएन्नात फॉन केम्पेलेन नावाच्या गृहस्थानं मारिया थेरेसा राणीच्या दरबारात बुद्धिबळ खेळणारं यंत्र मांडलं, तेव्हा तोही खेळाआधी असंच करायचा. पेटीची दारं एकेक करून उघडायची, आतली चाकं दाखवायची, मागून मेणबत्ती धरून आरपार उजेड दाखवायचा. आत लपून खेळणारा माणूस सरकत्या बैठकीवर होता. एक दार उघडलं की तो दुसऱ्या बाजूला सरके. पाहणाऱ्यांनी सगळं बघितलं होतं, फक्त सगळं एका वेळी बघितलं नव्हतं. आतल्या माणसालाही अंधारात पट दिसायला मेणबत्ती लागायची, आणि तिचा धूर कुणाला कळू नये म्हणून पेटीवर मेणबत्त्या लावून ठेवत. हा तपशील मला फार आवडतो. एवढ्या हुशारीच्या खेळात भीती होती ती धुराच्या वासाची. ते यंत्र पुढे नेपोलियनशीही खेळलं आणि १८५४ मध्ये फिलाडेल्फियात आगीत जळालं.

तर ती दोन अक्षरं म्हणजे मला आलेला धुराचा वास.

खरं म्हणजे पेटीत माणूस सापडणं विरळाच. बहुतेक वेळा पेटीत दुसऱ्याचं यंत्र असतं. कुठल्यातरी मोठ्या कंपनीचं मॉडेल भाड्यानं घ्यायचं, त्याला दोन पानी सूचना लिहायची, वर स्वतःचा रंग आणि लोगो चढवायचा. धंद्यात याला ‘रॅपर’ म्हणतात, आणि म्हणताना नाक जरासं मुरडतात. मी पूर्वी मुरडायचे, आता नाही मुरडत. वेष्टणाच्या आत कामाची वस्तू असेल तर वेष्टणाचाही धंदा होतो. पण मग प्रश्न बदलतात. मॉडेलवाल्यानं उद्या दर वाढवला तर तुमच्या हातात काय उरतं? त्यानं हीच सोय फुकट दिली तर? जुन्या सॉफ्टवेअर कंपनीला एकदा प्रोग्रॅम लिहिला की पुढच्या ग्राहकाचा खर्च नावापुरता असायचा, शंभर रुपये आले की सत्तर-ऐंशी हाताशी राहायचे. इथे प्रत्येक प्रश्नागणिक कुठेतरी जीपीयू, म्हणजे मॉडेल चालवणारी चिप, तापते आणि त्याचं बिल येतं. जितका जास्त वापर करणारा ग्राहक, तितका तो महाग. डेकमध्ये मात्र जुन्या सॉफ्टवेअरचेच मार्जिन रंगवलेले असतात. मग एआरआर. वर्षाला बांधलेलं उत्पन्न म्हणजे एआरआर, पण मी असे तक्ते पाहिलेत जिथे सगळ्यात चांगल्या महिन्याला बारानं गुणलेलं होतं आणि तो महिना चांगला होता कारण तीन मोठ्या कंपन्यांनी चाचणीचे पैसे दिले होते. मोठ्या कंपन्यांकडे हल्ली ‘एआयवर काहीतरी करा’ म्हणून वेगळं बजेट असतं. त्यातून दिलेला पैसा म्हणजे गिऱ्हाइकी नव्हे, कुतूहल. कुतूहल पुढच्या वर्षी नूतनीकरण करत नाही. म्हणून मी मागते तो कागद साधा असतो. गेल्या मार्चमध्ये आलेल्यांपैकी या मार्चमध्ये किती जण वापरतायत? या प्रश्नावर फाउंडर पाण्याची बाटली उघडतात.

एवढं सगळं तपासून मी अहवाल देते. आणि अहवाल उघडायच्या आधी पार्टनरबाई मला, किंवा फोनवर दुसऱ्या कुणाला तरी, एकच विचारतात. “या राउंडमध्ये अजून कोण येतंय?” म्हणजे पैसे उभारायच्या या फेरीत दुसरे गुंतवणूकदार कोण.

पूर्वी मला याचा संताप यायचा. मला वाटायचं, उत्तरपत्रिका तपासायला बोलावलं आणि गुण मात्र शेजारच्या बाकावरून बघून लिहिले. मग त्यांच्या बाजूनं हिशेब करून पाहिला. कोरिलेशन व्हेंचर्स या फंडानं २००४ ते २०१३ मधल्या वीस हजारांहून जास्त गुंतवणुकी मोजल्या होत्या. त्यांतल्या साधारण ६५ टक्क्यांत घातलेला पैसाही परत आला नाही. पन्नासपट किंवा त्याहून जास्त मिळालं ते फक्त ०.४ टक्क्यांत. म्हणजे हजारात चार. या धंद्यात चुकीच्या कंपनीत पैसे बुडाले तर तेवढेच बुडतात. त्या चारांपैकी एक हातची गेली तर अख्ख्या फंडाचं दशक जातं. बेसेमर व्हेंचर पार्टनर्स या जुन्या फंडानं आपण नाकारलेल्या कंपन्यांची यादी स्वतःच्या साइटवर लावून ठेवलीय. त्यांच्या एका पार्टनरच्या मैत्रिणीनं आपलं गॅरेज लॅरी आणि सर्गी नावाच्या दोन पोरांना भाड्यानं दिलं होतं. भेटून तरी घे म्हणाली, तर यांनी विचारलं, गॅरेजच्या जवळून न जाता घराबाहेर पडायची वाट कुठली? गॅरेजमध्ये गूगल होतं. ही गोष्ट त्या मंडळींत हसतहसत सांगतात, पण हसण्याच्या आत काय आहे ते मी पाहिलंय. प्रत्येक मीटिंगमध्ये ते गॅरेज खोलीच्या कोपऱ्यात असतं. माझ्या अहवालातलं ‘हे तंत्र स्वतःचं नाही’ हे वाक्य त्या गॅरेजपुढे अगदी बारीक आवाजात बोलतं. आणि ज्यांनी आपल्या आधी चेक लिहिलाय, त्यांनी तरी नीट बघितलंच असेल, असा एक दिलासा असतो. त्यांनाही तसाच दिलासा कुणाकडून तरी मिळालेला असतो.

मी नोकरीला लागले तेव्हा, १९९९ साली, आमच्या ऑफिसच्या दारावरची पाटी एका शनिवार-रविवारात बदलली होती. सोमवारी आलो तर नावापुढे ‘डॉट कॉम’. रंग अजून ओला होता, एकाच्या बाहीला लागलाही. काम तेच, टेबलं तीच, ग्राहक तेच. पण मालक त्या आठवड्यात दोनदा शिट्टी वाजवत जिना चढले. पुढे कळलं की ते एकटे नव्हते. कूपर, दिमित्रोव आणि राव या तिघा अभ्यासकांनी १९९८-९९ मध्ये नावाला डॉट कॉम जोडणाऱ्या ९५ कंपन्या तपासल्या. घोषणेच्या आजूबाजूच्या दहा दिवसांत त्यांच्या शेअरनी बाजाराच्या तुलनेत ७४ टक्के जास्त उसळी घेतली होती, आणि कंपनीचा इंटरनेटशी खरंच संबंध आहे की नाही यानं फारसा फरक पडत नव्हता. २०१७ च्या डिसेंबरात थंड चहा विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीनं नावात ‘ब्लॉकचेन’ घातलं आणि शेअर एका दिवसात दुपटीच्याही पुढे गेला. २०१९ मध्ये एमएमसी व्हेंचर्स या गुंतवणूक कंपनीनं युरोपातल्या २,८३० तथाकथित एआय स्टार्टअप बघितल्या, तर ४० टक्क्यांमध्ये एआयचा धंद्याला काही उपयोग होतोय याचा पुरावाच सापडला नाही. यातल्या गमतीची गोष्ट म्हणजे बऱ्याच कंपन्यांना ‘एआय’ हे लेबल इतरांनीच, याद्या करणाऱ्यांनी, चिकटवलेलं होतं. त्यांनी फक्त ते काढलं नाही. लेबल असलं की १५ ते ५० टक्के जास्त पैसा मिळत होता, कोण काढेल? आणि या सगळ्यात खरा नफा कमावला असेल तर अँग्विला नावाच्या चिमुकल्या कॅरिबियन बेटानं. वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी येणारा, त्यांच्या वाट्याला आलेला शेपटीचा कोड नेमका ‘एआय’. २०२३ मध्ये नुसती ती शेपटी विकून त्यांच्या सरकारला सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले, एकूण महसुलाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. त्यांना कुणाला डेमो द्यावा लागला नाही.

पण मी त्या दिवशी गप्प का बसले, याचं उत्तर यांतल्या कशातच नाही. ते माझ्याच एका जुन्या डेमोत आहे.

आमच्या टीमला एका मोठ्या ग्राहकापुढे शोधयंत्रणा दाखवायची होती आणि ती आदल्या रात्रीपर्यंत चालत नव्हती. पहाटे तीनच्या सुमाराला मी पाच प्रश्नांची पाच उत्तरं सरळ प्रोग्रॅममध्ये लिहून टाकली. हे पाच विचारले की हे पाच दाखव, बस. खरं वाटावं म्हणून मध्ये दोन सेकंदांची उसंतही घातली, आणि ती उसंत घालताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं हेही कबूल करते. सकाळी डेमो झाला. त्यांनी नेमके तेच प्रश्न विचारले, कारण प्रश्नांचा कागद आम्हीच त्यांच्या हातात दिला होता. टाळ्या पडल्या. घरी जाताना माझे हात गार पडले होते. त्यानंतरचे चार महिने आम्ही रात्रंदिवस एक करून ते खोटं खरं केलं. ते झालं, चाललं, कित्येक वर्षं चाललं. न होतं तर मी आज ही गोष्ट सांगत नसते, किंवा वेगळ्या आवाजात सांगितली असती.

त्यामुळे पेटीत माणूस आहे एवढ्यावरून मला फसवणूक म्हणता येत नाही. यंत्र बांधण्याआधी लोकांना ते हवंय का, हे पाहायला आधी हातानं काम करून बघणं ही तर शहाणी रीत आहे. झॅपोस या ऑनलाइन बूट विकणाऱ्या कंपनीच्या निक स्विनमर्ननं १९९९ मध्ये दुकानात जाऊन बुटांचे फोटो काढले, ते साइटवर टाकले आणि ऑर्डर आली की त्याच दुकानातून बूट विकत घेऊन पाठवले. गोदाम नव्हतंच. पण बूट खरे होते, आणि घेणाऱ्याला बूटच हवे होते, गोदाम नाही. गुंतवणूकदार मात्र गोदामच विकत घेत असतो. नेट नावाच्या खरेदीच्या ॲपच्या संस्थापकावर २०२५ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी फसवणुकीचे आरोप ठेवले. एआय आपोआप खरेदी करतं, असं सांगून त्यानं ४ कोटी डॉलरहून जास्त उभे केले, आणि आरोपपत्राप्रमाणे प्रत्यक्षातलं स्वयंचलन जवळजवळ शून्य टक्के होतं. फिलिपिन्समधली माणसं बसून बटणं दाबत होती. माझ्या पाच उत्तरांत आणि त्यात फरक आहे, हे मला माहीत आहे. किती फरक आहे, ते रात्री झोप लागत नसेल तेव्हा वेगळं दिसतं.

शिवाय आता अडचण अशी आहे की पेटी रिकामी नसते. केम्पेलेनच्या वेळी सोपं होतं, आत माणूस किंवा काहीच नाही. आता आत खरोखर काहीतरी असतं. मी रोज वापरते, माझं निम्मं काम त्याच्याकडून करून घेते, आणि दिवसातून एकदा तरी चकित होते. हेच ताळतंत्र सुटायचं कारण. २०२५ च्या जुलैत थिंकिंग मशीन्स लॅब या नव्या एआय कंपनीनं २ अब्ज डॉलर उभे केले, कंपनीची किंमत १२ अब्ज ठरली, आणि तोवर विकायला काढलेली एकही वस्तू नव्हती. तिथे डेमोही नव्हता, फक्त माणसं होती, ज्यांनी आधी दुसरीकडे काम करून दाखवलं होतं. मी हसू पाहते आणि हसू येत नाही. त्या माणसांवर मी तरी पैसे लावले नसते का? त्याच वर्षी जानेवारीत, डीपसीक या चिनी कंपनीनं स्वस्तात चांगलं मॉडेल केलं म्हटल्याबरोबर, एआयच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचं बाजारमूल्य एका दिवसात ५५० अब्ज डॉलरहून जास्त घसरलं. दिवसात एवढं येतंजातं तिथे माझ्या वहीतल्या सतरा सेकंदांची किंमत काय लावायची, मला खरंच कळत नाही.

मीटिंग संपल्यावर तो मुलगा मला लिफ्टपर्यंत सोडायला आला. दार उघडायची वाट बघत दोघं उभे होतो. मी म्हटलं, “पलीकडे कोण बसलं होतं रे?” आतापर्यंत मी त्याला अहोजाहो करत होते, ते तेवढ्यापुरतं सुटलं. तो काही बोलला नाही. लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं, निघून गेली. मग म्हणाला, “बहीण. माझी मोठी बहीण. अकाउंट्स तिचंच क्षेत्र आहे.” मग घाईघाईनं, “मॉडेल आहे आमचं मॅडम, खरंच आहे. शंभरात साठ कागद बरोबर वाचतं. आजचा कागद त्या चाळिसातला निघाला. तुम्ही स्वतःचा कागद आणाल असं वाटलं नव्हतं.” बिल माझंच होतं, हे खरं. मी मुद्दामच घरातला सगळ्यात घाणेरडा कागद नेला होता. “तीन दिवस झोपलो नाहीये,” तो म्हणाला. मला दोन सेकंदांची उसंत आठवली. मी म्हटलं, “ताईला सांग, बेरीज बरोबर होती.”

अहवालात मी लिहिलं, ‘डेमोमध्ये उत्तराच्या प्रक्रियेत माणसाचा सहभाग आढळला. त्याचं प्रमाण तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.’ नऊ पानांच्या अहवालात सहाव्या पानावर. पहिल्या पानावर का नाही, हे मला कुणी विचारलं नाही. मीही अजून नीट विचारलेलं नाही. पार्टनरबाईंचा फोन आला. म्हणाल्या, “अहो, वाचलं मी. पण पोरगा चिवट आहे. बघितलंत ना, डेमो अडकला तरी डगमगला नाही.” पुढे त्या आठवड्यात दुसरा एक मोठा फंड आला, आणि त्याच्यामागून पार्टनरबाईंच्या फंडानंही पैसे घातले.

वर्षभरानं त्यांची सेवा सगळ्यांसाठी खुली झाली. मी माझ्या नावानं खातं काढलं आणि तेच बिल टाकलं, तोच शिक्का, तीच खोडलेली रक्कम. ठिपके आलेच नाहीत. दोन सेकंदांत स्वच्छ, रेखीव उत्तर समोर उभं. खोडलेला आकडा त्यानं खरा धरला होता आणि पेननं लिहिलेला सोडून दिला होता, त्यामुळे बेरीज चुकली होती. खाली हिरव्या अक्षरांत ‘पडताळलं’ असं लिहिलेलं. मी ‘टोटल’ हा शब्द शोधला. स्पेलिंग बरोबर होतं. थोडा वेळ तशीच बसून राहिले, मग चूक कळवायची एक खिडकी कोपऱ्यात दिसली, तिच्यात बरोबर बेरीज टाइप केली. पाठवायच्या आधी पाहिलं, तर दोन अक्षरं मागेपुढे झाली होती.